थोरल्या नळरावांस अनावृत पत्र

रा. रा. थोरले नळराव,
मु. गाईंचं बेट, सेंट लॉरेन्सकाठ, मॉन्ट्रियल यांस,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुमचं अभिनंदन करायचं कधीचं राहून गेलंय. सणवार नाही, किरकोळ रजा नाही, उणे पंचवीस अंशांत नदीच्या कडा गोठतात तेव्हाही तुमचं तोंड चालूच. सबंध मॉन्ट्रियल बेटाचं मोरीचं पाणी नदीत वाहून नेणारा असा नोकर शोधून सापडायचा नाही. आमच्या सांगलीकडे अशा माणसाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करतात. नारळ इथे मिळतो, शाल माझ्याकडे आहे. पण तुमचं तोंड नेमकं कुठे आहे ते काठावरून दिसत नाही, म्हणून हे अनावृत पत्र.

नावावरून घोटाळा नको. दमयंतीचा नळ वेगळा. त्याला कर्कोटक डसला आणि त्याचं रूप पालटलं. तुमच्या कथेत डसणारे तुम्ही, रूप पालटतं ते खालच्या अंगाला राहणाऱ्यांचं. आणि ते आहेत शिंपले. त्यांना ओळखायला कोण दमयंती पाण्यात उतरणार?

मी तुमची वीस वर्षांची गिऱ्हाईक. रोजचे फ्लश, दोन वेळची भांडी, शनिवारचं धुणं, सगळं तुमच्याच पदरात. तेव्हा हे पत्र कुणा नदीकाठच्या साध्वीनं लिहिलंय असं समजून घाबरू नका.

शिंपल्याशी माझी ओळख मात्र तुमच्याआधीची. उन्हाळ्यात कृष्णेचं पाणी उतरलं की वाळूत काळपट शिंपले सापडायचे. आजी त्यातला मोठासा निवडायची आणि त्याची पाठ घाटाच्या पायरीवर घासत बसायची. घासता घासता मधोमध एक भोक पडायचं, बोटाच्या पेराएवढं. त्या भोकाची कड कैरीवर टेकवून ओढली की सालीची पातळ हिरवी फीत भोकातून वर यायची आणि गर जिथल्या तिथे राहायचा. सुरी नको, सोलाणं नको, पोरांची बोटं शाबूत. शिंपला म्हणजे कैरी सोलायचं हत्यार, एवढंच मला ठाऊक. तो नर असतो की मादी हा प्रश्न आजीला कधी पडला नाही, मलाही नाही. तुमच्यामुळे पडला. आभारी आहे.

इथल्या पाण्यात जो शिंपला सर्रास आढळतो त्याचं शास्त्रीय नाव इलिप्टिओ कॉम्प्लानाटा. बाहेरून पाहिलात तर आजीच्या शिंपल्याचा मावसभाऊ: लांबट, तपकिरी, अर्धा वाळूत रुतलेला. वरच्या बाजूला दोन फटी, एकीतून पाणी आत, दुसरीतून बाहेर. त्याचा संसार सगळा पाण्याच्या भरवशावर चालतो. नर पाण्यात बीज सोडतो, मादी ते पाण्याबरोबर आत ओढून घेते. पिल्लं तिच्या कल्ल्यांत वाढतात, मग बाहेर पडून एखाद्या माशाच्या अंगाला चिकटतात, काही दिवस विनातिकीट प्रवास करतात आणि जिथे गळून पडतील तिथे घर करतात. त्यानंतर वर्षानुवर्षं तीच जागा. बदलीचा अर्ज नाही, गावाला जाणं नाही. तुम्ही पाजाल ते प्यायचं.

हा गुण तुमच्याआधी शास्त्रज्ञांनी हेरला. कॅनडाच्या पर्यावरण खात्याच्या मॉन्ट्रियलमधल्या प्रयोगशाळेत फ्रान्स्वा गान्ये आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं हेच करत आलेत: शिंपले जाळीच्या पिंजऱ्यात घालायचे, काही पिंजरे सांडपाण्याच्या नळाच्या वरच्या अंगाला ठेवायचे, काही खालच्या, आणि नंतर उघडून बघायचं. बघायचं ते मुख्यतः एक प्रथिन, व्हिटेलोजेनिन. अंड्यात बलक भरण्यासाठी मादी जे तयार करते त्याच्या जातीचं. नराला ते लागत नाही. बलक करून तो बिचारा ठेवणार कुठे? पण शहरी सांडपाण्यातल्या शिंपल्यांत ते वाढलेलं दिसू लागलं. 2011 साली त्यांचा जो निबंध आला त्यातली नदी तुमची नव्हे; क्यूबेकमधलीच एक लहान शहरी नदी, तिथले नळ तुमचे भाऊबंद. तिथे सांडपाण्याच्या वरच्या अंगाला माद्यांचं प्रमाण सुमारे 30 टक्के होतं. खालच्या अंगाला सुमारे 80.

वरच्या आळीत दहात तीन बायका, खालच्या आळीत दहात आठ. नळराव, माझ्या मायदेशात सोनोग्राफीच्या खोलीबाहेर 'येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही' अशी पाटी लावावी लागते. तिथे मुलींचं प्रमाण सुधारावं म्हणून भिंती रंगवतात, पथनाट्यं करतात, मंत्री भाषणं देतात. आणि तुमच्या घराण्यानं एक भाषण न देता हे करून दाखवलं! 'लेक वाचवा'चे सदिच्छादूत म्हणून तुमचंच नाव सुचवणार होते. अडचण एवढीच की या लेकींना पिल्लं व्हायची तर कुणी बीज सोडायला हवं, आणि उरलेले नरही आता बलक करण्यात गुंतलेले.

तुम्ही म्हणाल, हे चुलतभावाचं पाप माझ्या माथी का? बरं, तुमच्या स्वतःच्या पाण्याचं बोलू. तिथे स्पॉटटेल शायनर नावाचा बोटाएवढा चंदेरी मासा असतो. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सेंट लॉरेन्सच्या प्रदूषित भागातल्या नरांपैकी एक तृतीयांशाहून जास्त नरांच्या वृषणांत अंडपेशी सापडल्या. हा मासा उठून दुसरीकडे जाऊ शकतो. शिंपल्याला तीही सोय नाही.

आता तुमच्या खऱ्या कर्तबगारीकडे येते. ती वाचल्यापासून मी तुमच्याकडे आदरानं बघू लागले आहे.

माणसाचं शरीर तसं जबाबदार असतं. इस्ट्रोजेनचं काम झालं की यकृत त्याला एक शेपूट जोडतं, कधी साखरेपासून झालेल्या आम्लाचं, कधी सल्फेटचं. शेपूट लागलं की हार्मोन निकामी होतो, पाण्यात सहज विरघळतो आणि लघवीवाटे बाहेर पडतो. थोडक्यात, आमच्या घरातून तो कुलूप लावूनच निघतो. पुढे रस्ताभर तुमच्या पोटात आमच्याच आतड्यांतले जिवाणू वस्तीला असतात. त्यांच्याकडे या कुलपाची किल्ली आहे. ते शेपूट तोडतात, साखर स्वतः खातात, आणि मेलेला हार्मोन उठून बसतो. मोरीपासून नदीपर्यंतच्या अंधारात तुम्ही शुक्राचार्यांची संजीवनी विद्या चालवता, तीही फी न घेता!

नदीच्या आधी जे शुद्धीकरण केंद्र लागतं, त्याच्याविषयी वाईट बोलू नये. 1984पासून ते चालतं. त्याआधी या बेटाची घाण जशीच्या तशी नदीत जायची. केंद्र अवाढव्य आहे, जगातल्या मोठ्यांपैकी एक. तिथे चाळण्या आहेत, वाळू खाली बसवण्याचे हौद आहेत, तुरटीच्या जातीची रसायनं आणि फेरिक क्लोराइड घालून गाळ आणि फॉस्फरस खाली बसवतात, गाळ जाळून टाकतात. पण पाण्यात विरघळलेलं जिवाणूंकडून खाववून घ्यायचा जो पुढचा टप्पा असतो, तो नाही. निर्जंतुकीकरणही नाही. आमच्याकडे याला काकस्नान म्हणतात: डोक्यावर चार थेंब शिंपडले, चला, सोवळं झालं. विरघळलेल्या हार्मोनाला हे स्नान काय लागणार?

मंडळाच्या जेवणावळीत मी एकदा हा विषय काढला. (मान्य, वेळ चुकली.) एक काका ताबडतोब म्हणाले, "बायकांच्या गोळ्यांनी नद्या नासल्या." गुन्हेगार सापडला की लोकांना किती बरं वाटतं! त्यातही ती बाई असली की विचारूच नका. काकांचं अगदीच चूक नव्हतं. गोळीतला एथिनाइल-इस्ट्राडिओल 1938 साली बर्लिनमध्ये तयार झाला आणि तो नैसर्गिक हार्मोनापेक्षा चिवट आहे. ओंटारिओच्या जंगलात प्रयोगासाठी राखलेली तळी आहेत. तिथल्या एकात 2001 ते 2003 अशी तीन वर्षं शास्त्रज्ञांनी तो मुद्दाम घातला, लिटरमागे पाच-सहा नॅनोग्रॅम. फॅटहेड मिनो नावाचा मासा त्या तळ्यातून जवळजवळ नाहीसा झाला. घालणं थांबवलं, तेव्हा काही वर्षांनी परत आला.

नॅनोग्रॅम म्हणजे किती, हे काकांना समजावताना मी तुमचाच हिशेब दिला. लिटरमागे एक नॅनोग्रॅम म्हणजे 100 कोटी लिटरमध्ये एक ग्रॅम. तुम्ही दिवसाला सरासरी 250 कोटी लिटरच्या आसपास सोडता. म्हणजे तुमच्या दिवसभराच्या अख्ख्या पाण्यात ती मात्रा गाठायला अडीच ग्रॅम पुरे, चहात घालतो त्या साखरेचा अर्धा चमचा.

पण सगळं पाप गोळीच्या माथ्यावर मारायचं तर इतरांनी काय करायचं? गोळीत हार्मोन असतो मिलिग्रॅमचा तीस-चाळीसावा भाग. दिवस भरत आलेल्या बाईच्या लघवीतून दिवसाला कित्येक मिलिग्रॅम नैसर्गिक इस्ट्रोजेन जातं. त्याची ताकद कमी, पण माप बघा. गाई-म्हशींचं वेगळंच. साबण-डिटर्जंटांतून निघणारं नोनिलफिनॉल हार्मोनाची नक्कल करतं, ते आणखी वेगळं. आणि थोडं का होईना, इस्ट्रोजेन पुरुषांच्याही लघवीत असतंच. हे ऐकल्यावर काकांनी श्रीखंडाची वाटी खाली ठेवली आणि विषय क्रिकेटवर नेला.

तुमच्या गावाला मूत्रातल्या हार्मोनाची किंमत कळत नाही असं तर कुणी म्हणूच नये. इन्सुलिन शुद्ध करण्यात ज्यांचा वाटा होता त्या जेम्स कॉलिप यांनी इथल्याच मॅकगिल विद्यापीठात, 1930च्या सुमारास, बाळंतिणींच्या वारेतून इस्ट्रोजेन असलेला अर्क काढला. पुढे इथल्या एका औषध कंपनीनं तेच औषध गर्भवतींच्या लघवीपासून करून विकलं. 1941 साली त्याच कंपनीनं गाभण घोड्यांच्या मूत्रातून प्रेमारिन काढलं आणि जगभर खपवलं. थोडक्यात, बाटलीत भरलं की औषध, तुमच्यात ओतलं की 'सूक्ष्म प्रमाणातील घटक'.

हार्मोनांवरच थांबाल तर तुम्ही नळराव कसले! शिंपल्यांच्या जातीत प्रसवायची वेळ झाली हे सांगण्याचं काम सेरोटोनिन करतं. आपल्याकडे उदासी घालवायला ज्या गोळ्या देतात, प्रोझॅक वगैरे, त्या सेरोटोनिनवरच काम करतात. गेटिसबर्ग कॉलेजचे पीटर फाँग यांनी गोड्या पाण्यातल्या नखाएवढ्या शिंपल्यांना या गोळ्यांच्या पाण्यात ठेवलं, तर त्यांनी भराभर पिल्लं बाहेर टाकली. 1998 साली त्यांना याबद्दल इग नोबेल मिळालं, शिंपल्यांच्या आनंदात भर घातल्याबद्दल. लोक हसले, मीही हसले. आपण प्रयोगशाळेत एकदा केलेलं काम नळराव रोज मोठ्या प्रमाणावर करताहेत, हे फाँगसाहेबांना कुणी कळवलं की नाही कोण जाणे.

तुमच्या वकिलालाही उपाशी ठेवत नाही. मुद्दा माझ्याकडूनच घ्या. 2003 साली समुद्री गोगलगायीच्या एका जातीत इस्ट्रोजेन ओळखणारा म्हणून जो रेणू सापडला, तो इस्ट्रोजेनला दादच देत नाही असं निघालं. तेव्हापासून शास्त्रज्ञांत भांडण आहे: मृदुकाय प्राण्यांना आपले हार्मोन कळतात तरी का? काहींच्या मते शिंपला पाण्यातला हार्मोन नुसता शोषतो आणि चरबीत साठवून ठेवतो, त्याच्या इशाऱ्यावर नाचत नाही. गान्ये यांच्या शिंपल्यांना नेमकं कशानं पालटलं, हार्मोनानं, डिटर्जंटच्या उरल्यासुरल्यानं, की सगळ्याच्या खिचडीनं, यावर तुमचा वकील तास दोन तास बोलू शकेल. बोलू द्या. चुलीवर भांडं कुणाचं आणि तांदूळ कुणाचे यावर वाद घालता येतो, पण खिचडी ज्याच्या घरातून बाहेर आली त्याला विचारावंच लागतं.

खटला उभा राहणार नाही हे मलाही ठाऊक आहे. कॅनडानं 2012 साली सांडपाण्याचे देशव्यापी नियम केले. त्यात ऑक्सिजन खाणारी घाण लिटरला 25 मिलिग्रॅम, तरंगता गाळ 25 मिलिग्रॅम, क्लोरीन आणि अमोनिया यांच्या मर्यादा आहेत. शिवाय एक परीक्षा: इंद्रधनुषी ट्राउट मासे निव्वळ सांडपाण्यात चार दिवस ठेवायचे, निम्म्याहून जास्त मेले तर पाणी नापास. निम्मे तडफडून गेले, निम्मे कसेबसे तरले, तर पास! हार्मोनाचा रकाना त्या तक्त्यात नाही. मेलेला मासा मोजता येतो. जगलेला नर आता नर राहिला की नाही, हे विचारायला जागाच ठेवलेली नाही. आमच्याकडच्या सांडपाण्याच्या तक्त्यांतही हा रकाना नाही, त्यामुळे मुळा-मुठेच्या शिंपल्यांना कुणी कधी पिंजऱ्यात घालून असलं काही विचारलंय, असं माझ्या कानावर नाही. तुमच्या शिंपल्यांना निदान प्रश्न विचारणारं कुणी भेटलं.

बदनामी तुमची झाली ती भलत्याच गोष्टीवरून. 2015चा नोव्हेंबर आठवतो? किनाऱ्यालगतच्या मोठ्या वाहिनीची डागडुजी करायची म्हणून शहरानं तिच्यातलं मैलापाणी तुमच्यापर्यंत न आणता थेट नदीत सोडलं. परवानगी 800 कोटी लिटरची होती, सोडलं 490 कोटी. चार दिवस नुसता गदारोळ. वर्तमानपत्रांनी 'फ्लशगेट' म्हटलं, महापौरांची टिंगल झाली, केंद्र सरकारातल्या मंत्रीणबाईंना पदावर येऊन आठवडा झाला नाही तोच त्यावर निर्णय द्यावा लागला. भारतातून माझ्या बहिणीचा फोन आला, "अगं, तुमच्याकडेसुद्धा?" मीही तेव्हा चार ठिकाणी तावातावानं बोलले. नंतर कधीतरी कागदावर भागाकार केला. 490 कोटी लिटर म्हणजे तुमच्या रोजच्या, रीतसर, चाळून-गाळून सोडलेल्या पाण्याचा जेमतेम दोन दिवसांचा माल. ते कच्चं होतं, जंतूंनी भरलेलं, हे खरं. पण शिंपल्याला नर ठेवायचं की नाही हे ज्यातून ठरतं, ते तर तुमच्या रोजच्या मालातही येतंच. त्यावर ना बातमी, ना फोन. त्या 490 कोटी लिटरपुरते तरी तुम्ही एकटेच निर्दोष होतात, कारण तुमच्या भावंडांनी तुमची पाळी भरून काढली होती.

शुद्धीकरण केंद्रात ओझोन वापरायचं ठरल्याचं कळलं. त्याच 2015 साली कंत्राट झालं. ओझोन पाण्यात सोडला की जंतू मरतात आणि एथिनाइल-इस्ट्राडिओलसारखे रेणूही मोडतात, म्हणजे तुमच्या संजीवनी विद्येला अखेर कच भेटणार होता. त्यानंतर मुदती पुढे जात राहिल्या. आमच्या गावी पुलाचं काम असंच चालतं, त्यामुळे मला परकं वाटत नाही. तुम्हीही काळजी करू नका.

गेल्या रविवारी बेटाच्या पूर्व टोकाला गेले होते. काठावर चिखलात एक रिकामा शिंपला सापडला, एकच पाख. पाठीवर वाढीच्या वळ्या, नखानं मोजल्या तर चौदापर्यंत लागल्या, पुढे पुसट. आतला मोतिया थर एका कडेला जांभळट. नर होता की मादी, हे कवचावरून सांगता येत नाही; जीव आत असताना उघडून बघावं लागतं. घरी आणून बाल्कनीच्या सिमेंटच्या पायरीवर त्याची पाठ घासत बसले. अर्ध्या तासात भोक पडलं. आजीला दहा मिनिटं लागायची. भारतीय दुकानात कैऱ्या मिळाल्या होत्या, त्यातली एक घेतली, भोक तिच्यावर टेकवलंही. पण साल ओढायचं धाडस होईना. मग शिंपला सिंकमध्ये साबणानं दोनदा घासून धुतला आणि खिडकीत ठेवला. कैरी सुरीनं चिरली.

ते धुतलेलं पाणी तुमच्याकडे निघालंय. मिळाल्याची पोच द्यावी.

लोभ आहेच, तो असाच राहू नये ही विनंती.

आपली नियमित,
एक गिऱ्हाईक